दुसऱ्या अल्बमचे भवितव्य : वीझरच्या ‘पिंकर्टन’विषयीची श्रोत्यांची मते

सारांश

अमेरिकेतील वीझर या रॉक बँडचा ‘पिंकर्टन’ हा दुसरा अल्बम १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षी ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातील तिसऱ्या क्रमांकाचा वाईट अल्बम ठरविले. २००२ मध्ये त्याच नियतकालिकाच्या वाचकांनी सर्वकालीन श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत त्याला सोळावे स्थान दिले. ध्वनिमुद्रण तेच असताना मतांमध्ये एवढा पालट का झाला, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पहिल्या अल्बमने निर्माण केलेल्या अपेक्षा, दुसऱ्या अल्बमची घडण, प्रतिकूल व अनुकूल मतांचे स्वरूप, श्रोतृवर्गातील बदल आणि या मतांचा कलावंतावर झालेला परिणाम या क्रमाने विषयाची मांडणी केली आहे.

बीजशब्द : रॉक संगीत, श्रोत्यांचा प्रतिसाद, अपेक्षांचे क्षितिज, साधारणीकरण, आत्मनिवेदन.

१. प्रस्तावना

कोणत्याही कलावंताच्या पहिल्या यशस्वी कृतीनंतर येणारी दुसरी कृती एका विशिष्ट अडचणीत जन्माला येते. पहिली कृती येते तेव्हा रसिकांजवळ त्या कलावंताविषयी कोणतेही पूर्वमत नसते. दुसरी कृती मात्र पहिलीच्या सावलीत ऐकली किंवा वाचली जाते. ती पहिलीसारखी असेल तर पुनरावृत्तीचा आरोप होतो आणि वेगळी असेल तर विश्वासघाताचा. रॉक संगीताच्या क्षेत्रात ही अडचण अधिक तीव्र होते, कारण तेथे कलावंत आणि श्रोता यांच्यामध्ये ध्वनिमुद्रिका कंपनी, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि विक्रीचे आकडे उभे असतात.

या अडचणीचा अभ्यास करण्यासाठी वीझरच्या ‘पिंकर्टन’सारखे उदाहरण क्वचितच सापडते. या अल्बमविषयीची मते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, एवढेच त्याचे वैशिष्ट्य नाही. त्या मतांनी ज्याने ही गीते लिहिली त्याच्या पुढील लेखनाची दिशाही बदलली. त्यामुळे ‘श्रोत्यांचे मत’ या वरकरणी साध्या वाटणाऱ्या गोष्टीचे वजन किती असते, याचा विचार या निमित्ताने करता येतो. वर्गात, परीक्षक म्हणून किंवा समीक्षक म्हणून सतत मत देण्याचे काम करणाऱ्या अध्यापकवर्गालाही हा विचार परका वाटू नये.

२. पहिल्या अल्बमने निर्माण केलेले क्षितिज

वीझर हा बँड १९९२ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झाला. गीतकार, गायक व गिटारवादक रिव्हर्स क्वोमो हा त्याचा केंद्रबिंदू होता. बेस गिटारवादक मॅट शार्प, ड्रमवादक पॅट्रिक विल्सन आणि १९९३ मध्ये सामील झालेला गिटारवादक ब्रायन बेल हे त्याचे सहकारी होत. मे १९९४ मध्ये बँडचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. त्याला बँडचेच नाव दिलेले असले तरी मुखपृष्ठाच्या रंगामुळे तो ‘निळा अल्बम’ म्हणून ओळखला जातो. ‘द कार्स’ या बँडचा रिक ओकासेक हा त्याचा निर्माता होता.

या अल्बममधील गिटारींचा नाद जाड असला तरी घोटीव आहे, स्वरावली लगेच ओठांवर येणाऱ्या आहेत आणि शब्दांत थट्टेचा सूर आहे. ‘बडी हॉली’ या गीताचे स्पाइक जोन्झ याने केलेले विनोदी चित्रीकरण विशेष गाजले. १९९५ मध्ये ‘विंडोज ९५’ या संगणक प्रणालीच्या तबकडीवर ते समाविष्ट केले गेल्याने संगीताशी फारसा संबंध नसलेल्या घरांतही ते पोहोचले. अल्बमची विक्री लाखांच्या घरात गेली. चष्मा लावणारी, किंचित बुजरी, स्वतःवर हसणारी तरुण मुले ही वीझरची प्रतिमा लोकांच्या मनात पक्की झाली.

जर्मन विचारवंत हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ मध्ये कॉन्स्टान्स विद्यापीठातील व्याख्यानात ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. वाचक कोऱ्या मनाने कृतीकडे येत नाही, पूर्वी वाचलेल्या कृतींनी घडविलेल्या अपेक्षा घेऊन येतो, असा तिचा आशय आहे. कृती आणि क्षितिज यांत अंतर पडले की नकार, धक्का, उशिरा येणारी समज अशा प्रतिक्रिया संभवतात. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ आणि त्याच सुमारास प्रसिद्ध झालेली फेदोची ‘फॅनी’ या कादंबऱ्यांची तुलना याउस करतो. फेदोच्या कादंबरीला त्या काळी अधिक मोठे यश मिळाले. पुढे मात्र फ्लोबेर टिकला आणि फेदो विस्मृतीत गेला. ‘निळ्या अल्बम’ने असेच एक क्षितिज आखून ठेवले होते. ‘पिंकर्टन’ त्याच्या पलीकडे पडला.

३. ‘पिंकर्टन’ची घडण

पहिल्या यशानंतर क्वोमोच्या मनात अंतराळप्रवासाच्या कथेवर आधारित एक रॉक संगीतिका होती. ‘साँग्ज फ्रॉम द ब्लॅक होल’ हे तिचे नाव. यशस्वी कलावंताच्या मनातील द्विधा अवस्था पात्रांच्या द्वारे मांडण्याचा तो प्रयत्न होता. तो अर्धवट राहिला आणि त्याच्या जागी अधिक उघडे, पात्रांचा आडोसा नसलेले लेखन आले.

या बदलामागे काही प्रत्यक्ष कारणे होती. १९९५ मध्ये क्वोमोच्या आखूड असलेल्या पायाची लांबी वाढविण्यासाठी शस्त्रक्रिया करण्यात आली. हाडाभोवती धातूची चौकट बसवून ती दररोज थोडी थोडी फिरवावयाची, असे हे दीर्घकालीन व वेदनादायक उपचार असतात. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्याने हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. रंगमंचावर हजारोंचा जयजयकार ऐकलेला तरुण विद्यापीठाच्या आवारात काठी टेकत, एकटा फिरत होता. ‘द गुड लाइफ’ या गीतात या काळातील कंटाळा आणि अकाली वार्धक्याची भावना उमटलेली आहे.

याच काळात त्याला पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या इटालियन संगीतिकेने झपाटले. जपानमध्ये तात्पुरता विवाह करून पुढे पत्नीला सोडून देणारा अमेरिकन नौदल अधिकारी बी. एफ. पिंकर्टन हे त्या संगीतिकेतील पात्र होय. अल्बमचे नाव या पात्रावरून घेतले आहे. मुखपृष्ठावर हिरोशिगे या जपानी चित्रकाराचे कांबारा येथील हिमवर्षावाच्या रात्रीचे चित्र आहे. ‘एल स्कॉर्चो’ या गीतात संगीतिकेच्या नायिकेचा उल्लेख येतो आणि अखेरचे, केवळ गिटारच्या साथीने गायिलेले शांत गीत ‘बटरफ्लाय’ याच नावाचे आहे. योगायोग असा, की पिंकर्टन या नावाच्या एका सुरक्षा कंपनीने प्रकाशनाच्या तोंडावर न्यायालयात धाव घेतली. विक्रीला तात्पुरती मनाई झाली, परंतु दावा टिकला नाही. २४ सप्टेंबर १९९६ रोजी अल्बम प्रसिद्ध झाला.

दहा गीते आणि सुमारे पस्तीस मिनिटे एवढाच या अल्बमचा पसारा आहे. तेव्हा ‘महत्त्वाकांक्षी’ हे विशेषण त्याला कोणत्या अर्थाने लावावयाचे, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. येथे मोठा वाद्यवृंद नाही की लांबलचक रचना नाहीत. महत्त्वाकांक्षा तीन गोष्टींत आहे. पहिली, एका शोकात्म संगीतिकेची चौकट घेऊन स्वतःच्या आयुष्याकडे पाहणे, तेही नायकाच्या भूमिकेतून नव्हे, तर दोषी पात्राच्या भूमिकेतून. दुसरी, बाहेरचा निर्माता न घेता बँडने स्वतःच निर्मिती करणे आणि प्रत्यक्ष वादनातील खडबडीतपणा मुद्दाम राखणे. तीन गायकांनी आपापला आवाज वेगवेगळा मुद्रित न करता तीन ध्वनिग्राहकांभोवती एकत्र उभे राहून गायन केले. तिसरी, गीते बहुतांशी ज्या क्रमाने लिहिली गेली त्याच क्रमाने मांडणे. परिणामी प्रसिद्धीच्या काळातील शरीरसुखाच्या वीटापासून पश्चात्तापापर्यंतचा प्रवास श्रोत्यासमोर येतो.

४. प्रतिकूल मते

अल्बम अमेरिकेतील विक्रीच्या यादीत एकोणिसाव्या स्थानावर आला. पहिल्या अल्बमच्या यशाच्या मानाने ही निराशाच होती. समीक्षकांची मते संमिश्र होती. सर्वसाधारण श्रोत्यांचा कल मात्र वर उल्लेखिलेल्या वाचक-कौलातून पुरेसा स्पष्ट होतो. या प्रतिकूल मतांचे तीन प्रकार करता येतात.

पहिला आक्षेप नादाविषयीचा होता. गिटारी करकरतात, आवाज फाटतो, ड्रम समोर येऊन आदळतात, सर्व काही कच्चे राहिले आहे, अशी तक्रार झाली. घोटीवपणाची सवय झालेल्या कानाला हा कच्चेपणा निष्काळजीपणा वाटला. येथे हेतू आणि दोष यांत श्रोत्याची गल्लत झाली असे म्हणणे सोपे आहे. तथापि हेतुपुरस्सर केलेली गोष्टही श्रोत्याला नकोशी वाटू शकते, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप शब्दांविषयीचा होता. गीतांमधील निवेदक सतत स्वतःची कीव करतो, मुलींविषयी तक्रारी करतो, वय वाढले तरी पोरकटपणा सोडत नाही, असे अनेकांना वाटले. पहिल्या अल्बममधील निवेदकही एकाकी होता, पण तो विनोदाच्या आडून बोलत असे. तो आडोसा निघाल्यावर उघडे पडलेले माणूसपण श्रोत्यांना अवघडून टाकणारे ठरले.

तिसरा आक्षेप न बोलता केलेला होता. प्रसिद्धीसाठी झगमगीत चित्रीकरण करण्यास क्वोमोने नकार दिला होता. गीते स्वतःच्या बळावर पोहोचावीत अशी त्याची भूमिका होती. परंतु दूरचित्रवाणीवर ‘बडी हॉली’सारखे काही दिसेना, तेव्हा मोठा श्रोतृवर्ग अल्बमपर्यंत पोहोचलाच नाही. नापसंती व्यक्त करणाऱ्यांपेक्षा अशा गप्प राहिलेल्यांची संख्या अधिक असणे संभवते. मतांच्या इतिहासात या मौनाची नोंद सहसा होत नाही, म्हणून ती येथे करणे अगत्याचे आहे.

५. अनुकूल मते आणि त्यांचा प्रसार

बँड १९९७ नंतर जवळजवळ निष्क्रिय झाला. १९९८ मध्ये मॅट शार्प बाहेर पडला. नवा अल्बम नाही, जाहिरात नाही, मुलाखती नाहीत, अशा स्थितीत ‘पिंकर्टन’ विसरला जाणे स्वाभाविक होते. घडले उलटेच. मित्राने मित्राला द्यावी, थोरल्या भावाच्या कपाटात धाकट्याला सापडावी, अशा रीतीने ही तबकडी फिरत राहिली. ज्याची बाजारात चर्चा नाही अशी वस्तू स्वतः शोधून काढल्याचा आनंदही त्यात होता. २००० मध्ये बँड पुन्हा रंगमंचावर आला, तेव्हा श्रोते ‘पिंकर्टन’मधील गीते शब्दन् शब्द सोबत गात असल्याचे दिसून आले.

या श्रोत्यांनी जे मोलाचे मानले ते पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या गुणांची यादी आणि पूर्वीच्या दोषांची यादी जवळजवळ एकच आहे. कच्चा नाद हा त्यांच्या लेखी जिवंतपणा होता. आत्मकरुणा हा प्रामाणिकपणा होता. अवघडलेपणा ही जवळीक होती. कृतीतील गुणधर्मांविषयी दोन्ही पक्षांत फारसा वाद नव्हताच. वाद होता तो त्या गुणधर्मांच्या मूल्याविषयी. अभिरुचीविषयक मतभेदांची चर्चा करताना हा भेद नेहमी ध्यानात घ्यावा लागतो. अन्यथा एकाने दुसऱ्याला ‘तुला ऐकूच आले नाही’ असे म्हणण्यात चर्चा संपते.

पुढे ‘इमो’ या नावाने ओळखल्या गेलेल्या, भावनांच्या उघड उद्गाराला महत्त्व देणाऱ्या रॉक संगीताच्या प्रवाहातील अनेक बँडांनी ‘पिंकर्टन’चे ऋण मानले. अशा संगीतावर वाढलेल्या पिढीच्या कानाला ‘पिंकर्टन’ विचित्र वाटण्याचे कारण उरले नाही. कृतीने स्वतःच आपले नवे क्षितिज घडविले, असे याउसच्या परिभाषेत म्हणता येईल. २००४ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने अल्बमचे पुनर्मूल्यांकन करून त्याला पूर्ण पाच तारे दिले. २०१० मध्ये विस्तारित आवृत्ती निघाली, तेव्हा ‘पिचफोर्क’ने दहापैकी दहा गुण दिले. अमेरिकेतील विक्रीची पाच लाखांची पातळी २००१ मध्ये आणि दहा लाखांची पातळी २०१६ मध्ये अधिकृतपणे नोंदली गेली. वीस वर्षे लागलेल्या या वाटचालीत जाहिरातीपेक्षा श्रोत्यांच्या तोंडी शिफारशीचा वाटा मोठा आहे.

६. मत बदलले की श्रोते बदलले?

येथे एका पद्धतीविषयक प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. १९९६ चा कौल आणि २००२ चा कौल शेजारी ठेवून ‘श्रोत्यांचे मत बदलले’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो सावधपणे तपासला पाहिजे. वाचक-कौल म्हणजे यादृच्छिक नमुन्यावर आधारलेले सर्वेक्षण नव्हे. ज्यांना मत देण्याची उत्कट इच्छा असते तेच त्यात भाग घेतात. १९९६ मध्ये ही उत्कटता निराश झालेल्यांकडे होती. २००२ मध्ये ती भक्तांकडे होती. निराश झालेले श्रोते मधल्या काळात दुसरीकडे निघून गेले होते आणि गेलेला माणूस मत देण्यासाठी परत येत नाही.

म्हणजे तीन प्रक्रिया एकाच वेळी घडल्या असे मानावे लागते. काही जुन्या श्रोत्यांचे मत खरोखर बदलले. काही जुने श्रोते गळून पडले. आणि पहिल्या अल्बमच्या अपेक्षेचे ओझे नसलेले नवे श्रोते आले. यांपैकी कोणत्या प्रक्रियेचा वाटा किती, हे दोन कौलांच्या आकड्यांवरून ठरविता येत नाही. तथापि तिसऱ्या प्रक्रियेचे स्वरूप समजून घेण्यास भारतीय काव्यशास्त्रातील एक संकल्पना उपयुक्त ठरते.

भट्टनायक आणि त्याच्यानंतर अभिनवगुप्त यांनी रसास्वादाच्या विवेचनात साधारणीकरणाला मध्यवर्ती स्थान दिले. रंगभूमीवरील दुःख ‘याचे’ किंवा ‘माझे’ राहत नाही, व्यक्तिसंबंध गळून ते सर्वसामान्य रूपात अनुभवले जाते, तेव्हाच रसास्वाद शक्य होतो. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्नांमध्ये देशकालाच्या व व्यक्तीच्या विशेष भानाचाही समावेश केला आहे. १९९६ मधील श्रोत्यासमोर एक प्रसिद्ध, यशस्वी, नुकताच दूरचित्रवाणीवर पाहिलेला तरुण होता. लोकप्रियतेच्या शिखरावरील या माणसाने एकाकीपणाची तक्रार करावी, हे त्याला खटकले. गाणारा ‘विशेष’ व्यक्ती असल्याचे भान सुटले नाही. चार-पाच वर्षांनंतर तो तरुण दिसेनासा झाला होता. नव्या श्रोत्याच्या कानी केवळ एक आवाज पडला आणि त्या आवाजातील एकाकीपण त्याला स्वतःच्या खोलीतील एकाकीपणाहून निराळे वाटले नाही. गाणाऱ्याच्या अनुपस्थितीने साधारणीकरणाची वाट मोकळी केली, असे म्हटल्यास ते अप्रस्तुत होऊ नये.

७. मिलान, १९०४

या प्रकरणाला एक विलक्षण पूर्वपीठिका आहे. ज्या संगीतिकेवरून अल्बमचे नाव घेतले, त्या ‘मादामा बटरफ्लाय’चा पहिला प्रयोग १७ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलान येथील ला स्काला नाट्यगृहात झाला आणि तो सपशेल कोसळला. प्रेक्षकांनी शिट्या वाजविल्या, आरडाओरडा केला, टिंगल केली. तोपर्यंत ‘ला बोएम’ आणि ‘तोस्का’ यांमुळे पुच्चिनीचे नाव प्रस्थापित झाले होते. प्रेक्षकांचा रोष किती स्वयंस्फूर्त आणि किती प्रतिस्पर्ध्यांनी घडवून आणलेला, याविषयी चर्चा होत आली आहे. पुच्चिनीने एका प्रयोगानंतर संगीतिका मागे घेतली. तिच्यात काटछाट केली, प्रदीर्घ दुसऱ्या अंकाचे दोन भाग केले, पिंकर्टनच्या वाट्याला पश्चात्तापाचे एक गीत दिले. २८ मे १९०४ रोजी ब्रेशा येथे झालेला सुधारित प्रयोग यशस्वी झाला. आज ती जगातील सर्वाधिक सादर होणाऱ्या संगीतिकांपैकी एक आहे.

दोन्ही घटनांमध्ये प्रारंभीचा धिक्कार आणि नंतरचा गौरव हे साम्य आहे. भेद अधिक बोलका आहे. पुच्चिनीने प्रेक्षकांचे ऐकले आणि कृती बदलली. ‘पिंकर्टन’मध्ये मात्र एकही स्वर बदलला गेला नाही, तेथे श्रोतृवर्ग बदलला. प्रतिकूल मत नेहमीच अज्ञानातून येते, हे पहिल्या उदाहरणावरून म्हणता येत नाही, कारण मिलानच्या प्रेक्षकांची दुसऱ्या अंकाच्या लांबीविषयीची तक्रार निराधार नव्हती आणि ती दूर केल्याने कृतीला लाभच झाला. प्रतिकूल मत नेहमीच योग्य असते, हे दुसऱ्या उदाहरणावरून म्हणता येत नाही. कोणते मत ऐकावे आणि कोणते सोसावे, याचा नियम सांगता येत नाही, हाच या दोन घटनांचा एकत्रित बोध होय.

८. प्रामाणिकपणा आणि जबाबदारी

गौरवाच्या काळातच एक वेगळा आक्षेप पुढे आला. तो नादाविषयी किंवा पोरकटपणाविषयी नाही, तर गीतांमधील स्त्रियांच्या चित्रणाविषयी आहे. ‘अक्रॉस द सी’ हे गीत जपानमधील एका तरुण चाहतीच्या पत्रावरून सुचलेले आहे. निवेदक तिला ओळखत नाही, तरीही तिच्याविषयी मनोराज्ये रचतो. अन्य गीतांतही आशियाई तरुणी ही स्वतंत्र व्यक्ती म्हणून न येता निवेदकाच्या पोकळीला भरून काढणारी दूरची, मोहक प्रतिमा म्हणून येते. ‘पिंक ट्रँगल’मध्ये समलिंगी स्त्रीच्या प्रेमात पडलेल्या तरुणाची निराशा आहे, पण त्या स्त्रीचा स्वतःचा आवाज नाही. अनेक श्रोत्यांना, विशेषतः स्त्रिया व आशियाई वंशाच्या श्रोत्यांना, हे खुपते.

यावर चाहत्यांकडून दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर प्रामाणिकपणाचे : त्याला जे वाटले ते त्याने लपविले नाही. हे उत्तर अपुरे आहे. एखादी गोष्ट खरी वाटली म्हणून ती इतरांविषयी न्याय्य ठरत नाही. दुसरे उत्तर अधिक विचारार्ह आहे. अल्बमला नाव दिले आहे ते बटरफ्लायचे नव्हे, पिंकर्टनचे. म्हणजे निवेदकाने स्वतःला त्या बेजबाबदार अधिकाऱ्याच्या जागी उभे केले आहे आणि शेवटच्या गीतात कोवळा जीव हाताळून नष्ट केल्याची कबुली दिली आहे. संपूर्ण अल्बम हे एक आरोपपत्र असून आरोपी तोच आहे. हा अर्थ रचनेत आहे यात शंका नाही. परंतु कबुलीजबाबातही बोलणारा एकच असतो आणि ज्याचे नुकसान झाले त्याला बोलण्याची संधी मिळत नाही, ही मर्यादा उरतेच. पुच्चिनीच्या संगीतिकेत निदान गाण्याचा मोठा वाटा चो-चो-सानकडे आहे. क्वोमोच्या अल्बममध्ये तिला एकही ओळ नाही.

हा आक्षेप अल्बमचे मूल्य पुसून टाकतो असे नाही. मात्र मतांचा इतिहास ‘आधी नाकारले, मग स्वीकारले’ एवढ्यावर संपत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. प्रत्येक पिढी कृतीला नवे प्रश्न विचारते आणि त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे कृतीपाशी नसतात.

९. मतांचा कलावंतावरील परिणाम

१९९६ मधील प्रतिसादाचा सर्वांत खोल परिणाम ज्याने ही गीते लिहिली त्याच्यावर झाला. अंतरीचे सर्व काही लोकांसमोर मांडावे आणि लोकांनी त्याला हसावे, हा अनुभव त्याला लाजेचा वाटला. १९९८-९९ च्या सुमारास काही काळ तो लॉस एंजेलिस परिसरातील एका सदनिकेत, भिंती काळ्या रंगवून आणि खिडक्या बंद करून राहिला. २००१ मध्ये बँडचा तिसरा अल्बम आला. निर्माता पुन्हा रिक ओकासेक होता, मुखपृष्ठ पुन्हा एकरंगी होते, अल्बम अर्ध्या तासाहूनही छोटा आणि नीटनेटका होता. व्यक्तिगत असे त्यात फारसे काही नव्हते. त्याच वर्षी एका मुलाखतीत क्वोमोने ‘पिंकर्टन’ला अत्यंत कठोर शब्दांत धिक्कारले.

येथे एक करुण विसंगती निर्माण झाली. अल्बम नाकारणारे श्रोते केव्हाच निघून गेले होते. त्याचा धिक्कार ऐकण्यासाठी उरले होते ते त्यावर जीव लावणारे. आपल्या एकाकीपणात ज्या गीतांनी साथ दिली त्यांचीच कर्त्याला लाज वाटते, हे त्यांना ऐकावे लागले. म्हणजे १९९६ चे मत पाच वर्षांनी, दुसऱ्याच लोकांना, कलावंताच्या तोंडून जाऊन लागले. मत दिल्यावर ते विरून जात नाही, ते कोणाच्या तरी मनात राहते आणि भलत्याच ठिकाणी प्रकट होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

पुढे क्वोमोने २००६ मध्ये हार्वर्डची पदवी पूर्ण केली आणि कालांतराने ‘पिंकर्टन’विषयीचे त्याचे मतही निवळले. २०१०-११ मधील दौऱ्यात बँडने पहिले दोन्ही अल्बम संपूर्ण सादर केले. दरम्यान श्रोत्यांमध्ये नवा तट पडला होता. ‘पिंकर्टन’नंतर वीझरने काही चांगले केलेच नाही, असे मानणारा एक पक्ष आणि पुढील अल्बमांवरही प्रेम करणारा दुसरा. डिसेंबर २०१८ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन विनोदी कार्यक्रमात या वादावरच एक प्रहसन सादर झाले. जो अल्बम पहिल्याशी तुलना होऊन पडला, तोच आता पुढील प्रत्येक अल्बमला मोजण्याचा गज झाला होता. क्षितिज सरकले, पण क्षितिजाने कृतीला मोजण्याची रीत मात्र गेली नाही.

१०. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. एक, दुसऱ्या कृतीविषयीचे पहिले मत हे बऱ्याच अंशी पहिल्या कृतीविषयीचे मत असते. ‘पिंकर्टन’ ऐकणारा १९९६ चा श्रोता वस्तुतः ‘निळा अल्बम’ शोधत होता. दोन, परस्परविरोधी मते अनेकदा एकाच गुणधर्माची दोन मूल्यमापने असतात, म्हणून मतभेदाची चर्चा गुणधर्मापासून सुरू करणे श्रेयस्कर. तीन, कौलांमधील बदल हा मतांतील बदल आहे की मतदारांतील, हे तपासल्याखेरीज ‘काळाने न्याय केला’ असे म्हणणे घाईचे ठरते. काळ स्वतः काही ऐकत नाही. ऐकतात ती माणसे, आणि ज्या विस्मृत कृतींना असे श्रोते लाभलेच नाहीत त्यांची नावे कोणत्याही यादीत सापडत नाहीत.

चार, आणि हा निष्कर्ष अध्यापकवर्गाच्या विशेष जवळचा आहे. भवभूतीने आपल्या काळातील अवहेलनेला उत्तर देताना पुढे कधीतरी जन्मणाऱ्या समानधर्म्यावर भरवसा ठेवला. प्रत्येक तरुण लेखकाजवळ, गायकाजवळ किंवा विद्यार्थ्याजवळ तेवढा धीर असतोच असे नाही. क्वोमोजवळ तो नव्हता. त्याला समानधर्मी मिळाले, पण ते येण्यापूर्वीच त्याने ती वाट सोडली होती. ‘पिंकर्टन’ वाचला. त्याच्यानंतर त्याच वाटेने लिहिली जाऊ शकली असती ती गीते मात्र लिहिली गेली नाहीत. श्रोत्याने प्रतिकूल मत देऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. मिलानच्या प्रेक्षकांनी पुच्चिनीला एका अर्थी मदतच केली. परंतु कृतीतील नेमके काय खटकले हे सांगणारे मत आणि ती मांडणाऱ्याला केवळ लाजविणारे मत यांत फरक आहे. पहिल्यातून दुरुस्ती संभवते, दुसऱ्यातून मौन.